ब्रेकखालचं लिंबू

माझा उजवा पाय गेली पस्तीस वर्षं मुरगळलेला आहे. म्हणजे मी लोकांना तसं सांगतो. "काय झालं पायाला?" असं कोणी विचारलं की तोंडातून आपोआप निघतं, "काही नाही, मुरगळला जरा." रिक्षावाल्याला, बँकेतल्या शिपायाला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याला. ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही त्याच्यापुढे हे उत्तर खपून जातं. ज्याची पडते तो सहा महिन्यांनी विचारतो, "अजून बरा नाही झाला?" मग मी त्या माणसाला टाळायला लागतो. अशी टाळलेली माणसं आता आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात बरीच झाली आहेत आणि काही गल्ल्यांतून मला उगाच वळसा घालून जावं लागतं.

खरं सांगायचं तर एवढंच आहे, की मी चार वर्षांचा असताना सोनगीरजवळच्या आमच्या गावी मला ताप आला, कंबरेखाली एक इंजेक्शन दिलं गेलं आणि ते नको त्या शिरेवर बसलं. ताप उतरला, पाय गेला. गुडघ्याखाली तो वाळत गेला. पाऊल वर उचलत नाही आणि खाली दाबलंही जात नाही, नुसतं लोंबतं. आत प्लास्टिकची पट्टी घालून वर उंच बूट चढवला की बघणाऱ्याला फक्त लचक दिसते. लचक म्हणजे मुरगळ, हा हिशोब लोकांनीच मला शिकवला आणि मी तो सोयीचा म्हणून उचलला.

माझा धंदा फ्लेक्स तयार करण्याचा. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या. दिवसभर मी लोकांना कमरेशी कापतो आणि ढगांवर बसवतो. कोणी म्हणालं की भाऊ, तुमचा एक झकास फोटो काढा, तर मी लगेच टेबलामागे जाऊन उभा राहतो. माझ्याकडे माझा पायासकट असलेला एकही फोटो नाही. लग्नातलेही नाहीत, ते मी स्वतः बसून कापले आहेत.

गावातलं आमचं घर हायवेलगत. अंगणात बसलं की मुंबईकडचे आणि आग्र्याकडचे ट्रक दिसायचे आणि नुसत्या आवाजावरून कोणी गिअर टाकला हे मला कळायचं. भाऊबंदातली सगळी पोरं मिसरूड फुटायच्या आत ट्रॅक्टर शिकली. मी एकदा ट्रॅक्टरच्या सीटवर चढलो, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काखेत हात घालून मला खाली उतरवलं. "तू ट्रॉलीमा बस, बेटा." रागावून नाही, मायेनंच म्हणाले. त्या मायेचा मला अजूनही राग येतो. पुढे मी बिनगिअरची स्कूटर घेतली. तिचे दोन्ही ब्रेक हातात असतात, त्यामुळे स्कूटरवर मी कोणासारखाही दिसतो. चारचाकी मात्र राहून गेली.

म्हणून शर्यतीचा गेम हाती लागला तेव्हा मी येडाच झालो. धंद्यासाठी घरीही ठेवलेला कॉम्प्युटर दणकट होताच. आधी कीबोर्डवर खेळलो, पण बटणं दाबून गाडी चालवणं म्हणजे फोटोतलं जेवण जेवणं. मला खरं स्टीअरिंग हवं होतं, हाताला झटके देणारं, आणि पायाखाली पेडल. असल्या पायाखाली कसलं पेडल, पण ते मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हतो.

जळगावात घेतलं असतं तर ओळखीचं कोणी भेटलं असतं, म्हणून धुळ्याला गेलो. दुकानदार पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं विचारलं, "कोनासाठे लेवानं शे, भाऊ?"

"भाच्यासाठी," मी म्हणालो. मला भाचा नाही. मला बहीणच नाही.

"मंग त्याले लई या ना. चाक बठ्ठास्ना हातमा बसस. पेडलनं तसं नही. पाय पाह्याबिगर कसं सांगू?" चाक कोणाच्याही हातात बसतं, पेडल पाय पाहूनच देता येतं, म्हणून भाच्यालाच घेऊन या, असं त्याचं म्हणणं. मग तो खूप काही सांगत बसला. एक ब्रेक असतो तो पाऊल किती आत गेलं त्यावर चालतो, दुसरा असतो तो किती जोर लावला त्यावर चालतो, आणि हा दुसरा फार कडक असतो. "भाचाना पायमा जोर शे का?"

मी काउंटरला पोट टेकवून उभा होतो, म्हणजे पाय आड जावा. म्हणालो, "आहे ना. पैलवान आहे." आणि तीन पेडलांचा, कडक ब्रेकचा, सगळ्यात जड खोका उचलून आणला. माझ्या पायाबद्दल चार शब्द सांगितले असते तर ज्यानं मला योग्य वस्तू दिली असती, त्या माणसाला मी पैलवान भाचा दिला.

आता आमच्याकडे घरात काही नवं आलं की त्याची पूजा होते. सायकल असो, गिरणी असो की मोबाईल. बायकोनं स्टीअरिंगच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग प्रश्न आला लिंबाचा. गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून पहिल्यांदा गाडी न्यायची असते. इथे चाक टेबलाला लटकलेलं. तिनं थोडा विचार केला आणि लिंबू ब्रेकच्या पट्टीखाली ठेवलं. शेजारच्या दोघी जणी पाहायला आल्या होत्या. बायको म्हणाली, "हं, दाबा आता."

मी उजवा पाय ब्रेकवर ठेवला. गुडघ्यावर तळहात टेकून अंगाचा सगळा भार दिला. ब्रेक हललाही नाही, उलट माझी चाकांची खुर्चीच मागे सरकली आणि कपाटावर आपटली. शेजारीण म्हणाली, "लिंबूच कडक दिसतंय." तिला कळलं होतं, म्हणून तर ती तसं म्हणाली. बायको हळूच म्हणाली, "डाव्यानं दाबा ना."

"तुला काय कळतं गाडीतलं!" मी तिच्यावर खेकसलो, सगळ्यांदेखत. मग डाव्यानंच दाबलं. लिंबू फुटलं आणि रस पेडलच्या सांध्यात गेला. बायको फडकं घेऊन खाली बसली आणि पुसायला लागली. त्या दिवशी तिची माफी मागायला हवी होती. मी गेम सुरू केला.

आठवड्यानं खोका बांधून धुळ्याला गेलो, बदलून मागायला. दुकानदारानं स्वस्तिक पाहिलं, पेडल नाकाशी नेऊन लिंबाचा वास घेतला. "दुसरी कसली बी खोट चालती. कुंकू लागेल माल मी वापस कसा लेऊ, भाऊ? ज्याना घर पूजा झायी, त्याना झाया तो." त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. कुंकू लागलं की वस्तू घरची होते, हे मीही लहानपणापासून मानत आलो आहे.

मग त्या चुकीच्या वस्तूला माझ्या पायाजोगं करण्यात वर्ष गेलं. खुर्ची सुतळीनं पलंगाच्या पायाला बांधली. ब्रेकच्या आतलं कडक रबर काढून जुन्या चपलेचा तुकडा कापून घातला. पेडलांची अख्खी पाटी डावीकडे सरकवली आणि ब्रेक डाव्या पायाला दिला. ॲक्सिलरेटरचं काय करायचं हे बरेच दिवस सुचलं नाही. शेवटी ते बोटांवर घेतलं. काही स्टीअरिंगच्या मागे बोटांनी ओढायच्या जास्तीच्या पट्ट्या असतात, जितकं ओढाल तितकी गाडी पळते. तसं दुसरं चाक मी नंतर मागवलं. एका पायाच्या माणसाला काय लागतं ते मी आता झोपेतही सांगू शकतो: मागे ओढायच्या पट्ट्यांचं चाक, दोनच पेडल, मऊ करता येणारा ब्रेक आणि डावीकडे सरकणारी पाटी. चार ओळींत मावेल एवढंच आहे. त्या चार ओळींसाठीच हे सगळं लिहितो आहे.

आमचा एक ग्रुप आहे. जळगाव, धुळे, चाळीसगाव, पारोळा अशा गावांतली दहा-बारा माणसं. दर रविवारी दुपारी आम्ही आपापल्या घरून एकत्र शर्यत लावतो. चेहरे कोणी पाहिलेले नाहीत, फक्त आवाज आणि गाडीचे नंबर. तिथे मी बहुतेक वेळा पहिला येतो. वळणावर मी ब्रेक कसा हळुवार सोडतो याचं सगळ्यांना कौतुक. "भाऊ, तुमचा पाय म्हणजे पाय आहे!" असं चाळीसगावचे एक जण पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी माइक बंद केला. आयुष्यात माझ्या पायाची कोणी केलेली ती पहिली स्तुती. ती डाव्या पायाची होती, पण त्यांना कुठे माहीत होतं? मी ती ठेवून घेतली.

पारोळ्याचे भाऊ त्यानंतर ग्रुपमध्ये आले. आधी ते पिकअप चालवायचे, केळी आणि भाजीपाला भरून. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, गावचं नाव सांगावं तितक्या सहज. ते कीबोर्डवर खेळायचे, शेवटून पहिले यायचे आणि मोकळेपणी हसायचे. मग एका सकाळी त्यांचा ग्रुपवर मेसेज आला: "मंडळी, दोन हंगाम पैसे साठवून आता चाक आणि पेडल घेतो आहे. उजवा पाय नाही हे तुम्हाला माहीतच आहे. असं कोणी चालवतं का? काय घेऊ?"

मी दुकानात होतो. समोर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स अर्धवट होता. मी तो बाजूला सारून लिहायला घेतलं. "भाऊ, माझाही उजवा पाय." एवढं लिहून थांबलो. पुसलं. पुन्हा लिहिलं, "माझ्या ओळखीत एक जण आहेत त्यांचा." तेही पुसलं, कारण भाचा आठवला. तिसऱ्यांदा पायाचा उल्लेख गाळून नुसत्या चार ओळी लिहिल्या. पण मग कोणीतरी विचारलं असतं की तुम्हाला हे कसं ठाऊक. तेही पुसलं आणि फोन उलटा ठेवला.

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळे चांगल्या मनाचे आणि दोन पायांचे. कडक ब्रेकच घ्या भाऊ, पैसा एकदाच जातो. तीन पेडल असू द्या, पुढे उपयोगी पडतील. कोणीतरी तर लिहिलं, "सत्तावीस नंबरच्या भाऊंकडे आहे तोच घ्या." सत्तावीस नंबर माझा. तरीही मी गप्प राहिलो. दोन दिवसांनी पारोळ्याच्या भाऊंनी सगळ्यांचे आभार मानले आणि ऑर्डर दिल्याचं कळवलं. खोका आला तसा फोटोही टाकला. माझाच तो जड खोका.

मग त्यांचा मला फोन आला. "रविवारी आई पूजा करणार आहे. पूजा झाल्याशिवाय हात लावू देत नाही. ग्रुपमधले सगळ्यात भारी तुम्हीच. या."

पूजा म्हणताच मला धुळ्याचा दुकानदार आठवला. अजून कुंकू लागलेलं नव्हतं. खोका अजून परत जाऊ शकत होता. रविवारी त्यांच्या आईचं बोट चाकाला लागायच्या आत कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगू शकणारा मी एकटाच होतो. फोनवर सांगता आलं असतं. मी म्हणालो, "येतो, नक्की येतो."

रविवारी स्कूटरवर निघालो. एरंडोलला चहाला थांबलो तिथे मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं: भाऊ, माझाही पाय असाच आहे, हा ब्रेक आपल्याला चालत नाही, परत पाठवा. वाक्य सोपं होतं. चहावाल्यानं मला उतरताना पाहिलं आणि विचारलं, "पायाला काय झालं?" मी म्हणालो, "मुरगळला."

पारोळ्यात मी स्कूटर अगदी त्यांच्या उंबऱ्याला लावली, चालावं लागू नये म्हणून. भाऊ दारातच उभे होते. माझ्याहून थोडे लहान, हाफ पॅन्ट घातलेली, कृत्रिम पाय उघडा, त्यावर कसलंसं स्टिकर चिकटवलेलं. मी तीन पावलं चाललो. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "लागलं का भाऊ?"

एरंडोलला पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. "काही नाही," मी म्हणालो, "काल जिन्यावर मुरगळला."

आत टेबलावर चाक लावून ठेवलेलं, खाली तीन पेडल. पाटावर ताट: कुंकू, हळद, अक्षता, नारळ, पिवळंधमक लिंबू. भाऊंच्या आई, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, ताट उचलणार तोच त्यांचं माझ्या पायाकडे लक्ष गेलं. ताट त्यांनी परत पाटावर ठेवलं.

"आठे बस, भाऊ. पाय दखाड."

"राहू द्या, आई. आधी पूजा होऊ द्या."

"पूजा काय पयी जास का? पाव्हना लंगडत बसना आनि मी नारय फोडू?" त्यांनी आत सुनेला हाक मारून आंबेहळद उगाळायला आणि गरम करायला सांगितलं. भाऊ हसत म्हणाले, "सुटका नाही तुमची. आख्ख्या गल्लीच्या मुरगळी आईच उतरवते."

मी नको नको म्हणत राहिलो. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि बुटाची नाडी स्वतःच सोडायला लागल्या. सत्तर वर्षांच्या बाईचा हात कसा झटकायचा? बूट निघाला. आतली पट्टी निघाली. मोजा निघाला. त्यांच्या तळहातावर माझं पाऊल आलं, चार वर्षांच्या पोराइतकं हलकं. वर नडगी, तिच्यावर मांस नाही. बायकोनंही ते पाऊल असं उजेडात हातात घेतलेलं नाही, कारण मी घेऊ दिलेलं नाही.

आंबेहळदीची वाटी आली. त्यांनी बोटावर लेप घेऊन आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिला, फार गरम नाही ना म्हणून, आणि मग माझ्या घोट्याला चोळायला सुरुवात केली. सगळ्या घोट्याला, टाचेला, नडगीला. मुरगळलेला नसलेला पाय त्या मुरगळल्यासारखाच मन लावून चोळत होत्या. खूप वेळानं मान वर न करता त्यांनी विचारलं, "कवयपाईन शे?"

"लहानपणापासून," मी म्हणालो. "चार वर्षांचा होतो."

त्यांनी मान हलवली आणि फडक्याचा पट्टा गुंडाळायला घेतला. मी भाऊंकडे पाहिलं नाही, पेडलांकडे पाहत बोललो. हा ब्रेक तुम्हाला चालणार नाही. डाव्या पायानं दाबायचा तर मऊ हवा, पाटी सरकणारी हवी, ॲक्सिलरेटर बोटांवर हवं. हाच खोका मीही आणला होता. पूजा करून बसलो, मग दुकानदार परत घेईना. तुम्ही कुंकू लावू नका. सगळं एका दमात बोललो, एरंडोलच्या वाक्यापेक्षा कितीतरी वाईट. शेवटी म्हणालो, "ग्रुपवर विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तेव्हा पाहिलंच नाही."

हे शेवटचं मी का जोडलं ते मला आजही कळत नाही. सगळं खरं सांगून झाल्यावर एवढं एक खोटं कशाला ठेवलं?

भाऊ खुर्चीवर बसले. त्यांचा आवाज चढला नाही. घरात बोलायचे तशा बोलीत ते म्हणाले, "तुम्ही लिखी राह्यंतात ना त्या दिवशी. माले दिसत व्हतं. तुम्हनं नाव येये, लिखी राह्यनात म्हनी दखाडे, मंग बंद व्हये. तीन डाव. मी म्हनं, या सगळ्यास्मा भारी शेतस, काहीतरी कामनं लिखी राह्यना व्हतीन." त्यांनी रिकामा खोका जवळ ओढला. "दोन दिन मी वाट दखी, भाऊ. मंग दिधी ऑर्डर."

म्हणजे मी लिहितोय आणि थांबतोय हे त्यांना ग्रुपवर तीनदा दिसलं होतं आणि माझ्या उत्तरासाठी ते दोन दिवस थांबले होते. शरमेनं कान तापतात असं म्हणतात. माझा तर तो बधिर पायसुद्धा तापला, आंबेहळदीनं असेल. भाऊंनी खोक्यातला थर्माकोल ओढला आणि पेडल सोडवून एकेक परत आत ठेवायला लागले. मी वाकून मदत करू गेलो तर आईंनी माझा गुडघा दाबून मला जागेवर बसवलं. "पट्टा दोन दिन सोडू नको," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात टेकून स्वतःला उठवलं, ताटातलं लिंबू उचललं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं सून दोन ग्लास सरबत घेऊन आली, एक भाऊंना, एक मला. भाऊंनी ग्लास हातात घेतला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तं मंग कोनतं लेऊ?"

मी सांगायला लागलो. ते मोबाईलवर लिहून घेत होते. चार ओळी सांगून होईपर्यंत मला मान वर करता आली नाही, आणि सरबत तसंच हातात राहिलं.